भुवया उचलायचं ऑपरेशन दुर्बिणीतून करतात म्हणजे नक्की काय करतात? आणि डाग खरंच राहत नाही का?

तुम्ही लिहिलंय की भुवया खाली उतरल्यात म्हणून प्लास्टिक सर्जनला दाखवलं, ते एन्डोस्कोपिक ब्रो लिफ्ट करू म्हणाले, डागही राहत नाही म्हणाले, आणि घरी आल्यावर तुम्हाला प्रश्न पडला की एन्डोस्कोपी तर पोटाची असते, मग कपाळात नळी कुठून घालणार. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, पोटाच्या दुर्बिणीपासून प्लास्टिक सर्जरीपर्यंत बऱ्याच केसेसना उभी राहिलेय. डॉक्टर नाही मी, त्यामुळे करा किंवा करू नका असं सांगणार नाही, पण आत काय चालतं ते सांगू शकते.

एन्डोस्कोपी हे ऑपरेशनचं नाव नाहीये, ती आत बघायची पद्धत आहे. आत लाइट न्यायचा, आतलं चित्र बाहेर आणायचं, एवढंच. बघून झाल्यावर डॉक्टर आत काय करणार ते वेगळं, आणि पेशंट बहुतेक वेळा तेच विचारायचं विसरतात.

पोटाचं एका अर्थी सोपं आहे, कारण जठर आणि आतडं या आयत्या पोकळ्या आहेत, थोडी हवा सोडली की फुगतात आणि सगळं दिसतं. अडचण होती ती तिथवर पोचायची. १८६८ साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी सरळ, कडक नळी जठरात घालून बघितली, तीही तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या, कारण दुसऱ्या कुणाला ती सहनच झाली नसती! वाकणारी, काचेच्या बारीक तंतूंमधून चित्र आणणारी दुर्बीण हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये वापरात आणली तेव्हा कुठे साध्या पेशंटची सुटका झाली. आज तोंडातून घालतात ती साधारण करंगळीएवढी जाड असते, टोकाला छोटा कॅमेरा असतो, आणि तिच्याच आतल्या बारीक वाटेने चिमटा घालून तुकडा तपासायला घेता येतो, पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब काढता येतो, रक्त वाहत असेल तर क्लिप लावून थांबवता येतं. पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन करतात तेव्हा पोटाच्या भिंतीतून कडक दुर्बीण जाते आणि जागा करायला कार्बन डायऑक्साइड भरतात.

आता कपाळ. इथे पोकळीच नाही, कातडी, स्नायू, हाडावरचं पातळ आवरण सगळं एकमेकांना चिकटलेलं. म्हणजे डॉक्टरांना आधी जागा करावी लागते आणि मग त्या जागेत दुर्बीण घालावी लागते. केसांच्या रेषेच्या जरा मागे तीन ते पाच छेद घेतात, एकेक साधारण एक-दोन सेंटिमीटरचा. तिथून हाडालगत कपाळाची सगळी चादर सुटी करत भुवईपर्यंत खाली येतात. दुर्बीण इथे वाकणारी नसते, चार-पाच मिलिमीटर जाडीची कडक नळी, टोक बहुतेक तिरकं बघणारं, आणि तिच्यावर एक झाकणासारखा पत्रा असतो जो कातडी तंबूसारखी वर धरून ठेवतो. रक्ताचा एक थेंब जरी काचेवर आला तरी पूर्ण स्क्रीन लाल होते, म्हणून आधीच रक्तवाहिन्या आकसायचं इंजेक्शन देतात, आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून आम्ही सारखी ती कोमट सलाइनमध्ये बुडवून पुसून देत असतो.

खरं काम भुवईच्या कडेला असतं. तिथे ते आवरण डोळ्याच्या खोबणीच्या काठाला घट्ट धरलेलं असतं, ते नीट सोडवलं नाही तर वरून कितीही ओढा, भुवई हलत नाही. आणि नेमकी तिथूनच कपाळाला संवेदना देणारी नस वर येते, बाजूला कानशिलापाशी भुवई उचलणाऱ्या स्नायूची नस जाते. दुर्बिणीचा मोठा फायदा मला विचाराल तर तो इथे आहे, नस स्क्रीनवर मोठी होऊन दिसते. मग दोन भुवयांमधल्या उभ्या आठ्या पाडणारा स्नायू सैल करतात, कपाळ वर सरकवतात आणि टाक्याने, स्क्रूने किंवा नंतर विरघळणाऱ्या हुकाने हाडाला पकडून ठेवतात.

१९९० च्या दशकाआधी हेच ऑपरेशन या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावरून लांबलचक चीर घेऊन करायचे, त्यात मागचं डोकं बराच काळ बधिर राहायचं. त्या मानाने आता पुष्कळ बरं आहे. पण डाग राहत नाही हे बरोबर नाही, डाग राहतोच, तो केसांत लपतो. छेदाच्या आजूबाजूचे केस कधीकधी गळतात, म्हणून केस विरळ असतील तर हा प्रश्न आधीच काढा. कपाळ मुळात उंच असेल तर तेही बोला, कारण या पद्धतीत केसांची रेषाही थोडी मागे जाते. आणि बाहेर छेद छोटा असला तरी आत मोठा भाग सुटा केलेला असतो, त्यामुळे पहिला आठवडाभर डोळ्यांभोवती सूज, काळंनिळं होणं, डोकं जड वाटणं हे धरून चाला. कपाळाचा बधिरपणा काही जणांना महिनोन्महिने राहतो.

अजून एक, आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण मी यात लोकांना नाराज झालेलं पाहिलंय. दुर्बीण जास्तीची कातडी काढत नाही. भुवई जागेवर आहे पण पापणीवर कातडीची घडी लोंबतेय असं असेल तर पापणीचं ऑपरेशन वेगळं असतं. सुटलेलं पोट आवळून घ्यायच्या ऑपरेशनचंही तसंच, पोटाचे फक्त स्नायू फाकलेले असतील तर दुर्बिणीतून शिवता येतात, पण कातडी लोंबत असेल तर मोठा छेद घ्यावाच लागतो. आणि पापणीची कडच खाली येऊन बुब्बुळ झाकत असेल तर तो पापणी उचलणाऱ्या स्नायूचा किंवा नसेचा प्रश्न असू शकतो, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एकाच बाजूचं अचानक झालं असेल, सोबत दोन-दोन दिसत असेल, तर त्याच दिवशी जा.

डॉक्टरांना आरशासमोर बसून विचारा की माझ्यात नक्की काय उतरलंय, भुवई की कातडी. ते बोटाने भुवई वर धरून दाखवतील, तेव्हा घडी किती उरते ते स्वतः बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.