सुई टोचायच्या आधी घर विचार

बाळा,

काल दुपारच्या शिफ्टला तू त्या नवीन मामांना म्हणालीस ना, "आता आयुष्यभर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचं, चार-चार तास", ते मी पलीकडच्या बेडपाशी उभी राहून ऐकलं. चुकीचं काही बोलली नाहीस पण अर्धंच बोललीस, आणि मामांचं तोंड एवढंसं झालं ते तू बघितलं नाहीस कारण तू मशीनकडे बघत होतीस. तेव्हाच बोलले असते पण पेशंटसमोर नवीन पोरीला बोलायचं मला आवडत नाही आणि फोनवर तू नुसतं "हो ताई हो ताई" करतेस, म्हणून लिहितेय.

रक्तात किडनीनं न गाळलेलं क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, ते फाईलीत असतंच. तू आधी विचार की घरी कोण कोण असतं, काम काय करता, कुठून येता, नळाला पाणी कधी येतं. हसू नको. आपल्याकडं सोलापुरात बरेचदा चार-चार पाच-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्यावर माणसाची ट्रीटमेंट ठरू शकते, सांगते कशी ते.

पोटाचं डायलिसिस म्हणजे सीएपीडी, त्याचं नाव तू कालच्या बोलण्यात घेतलंच नाहीस. पोटात एक मऊ नळी बसवतात, दोन लिटरच्या पिशवीतलं डायलिसिसचं पाणी आत सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग ते काढून दुसरी पिशवी, असं दिवसातून तीन-चार वेळा आणि हे सगळं घरी स्वतःच्या हातानं. सुई नाही, बेडचा नंबर लावणं नाही, लांब गावातून सारखं सोलापूर गाठणं नाही. एवढं ऐकलं की पेशंट लगेच हो म्हणतो. पण दिवसाला चार धरल्या तर महिन्याला एकशेवीस पिशव्या, म्हणजे जवळजवळ अडीचशे किलो माल, तो विडी कामगारांच्या घरकुलातल्या दोन खोल्यांत ठेवायचा कुठं? आणि प्रत्येक वेळी साबणानं नीट हात धुवायचे, जागा स्वच्छ, पंखा बंद, तोंडाला मास्क, आता पाणी पिंपात साठवलेलं असेल तर हात धुवायची सोय आधी नीट लावून द्यावी लागते. हात जरा कुचराईनं धुतले की पोटात इन्फेक्शन, निघालेलं पाणी गढूळ दिसतं, पोट दुखतं, मग ती गढूळ पिशवी हातात घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, उद्या बघू नाही. तरीपण एक टॉवेल कारखान्यातला मुकादम माझ्या ओळखीचा आहे, कारखान्याच्या एका कोपऱ्यात पडदा लावून दुपारची पिशवी बदलायचा आणि परत कामाला. घर आणि माणूस दोन्ही जमणारं असेल तर सीएपीडीसारखं सुख नाही असं माझं मत, डॉक्टर लोकांचं वेगळं असू दे.

आपल्या मशीनचं तुला येतं तर त्यावर जास्त लिहीत नाही. फिस्टुलाबद्दल मात्र लिहिते कारण आपण सगळे तिथंच उशीर करतो. फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडायची, पण जोडल्यावर ती शीर सुईला तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी जास्तपण. म्हणजे दम लागून रात्री स्ट्रेचरवर आल्यावर फिस्टुला करू म्हणून चालत नाही, मग मानेत कॅथेटरची नळी, मग थंडी वाजून ताप, मग ॲडमिट. किडनी पंधरा टक्क्यांच्या खाली गेली म्हणून उद्याच डायलिसिस लागतं असं नाही, काहीजण बरेच महिने औषधांवर काढतात, पण त्या महिन्यांत हात तयार करून ठेवायचा असतो. त्या हातात बीपी नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही, आणि बायकांना हे आवर्जून सांग की त्या हातात घट्ट बांगड्या नकोत. "हिरव्या बांगड्या कशा काढू ओ" म्हणून एक मावशी रडल्या होत्या, मग सगळ्या दुसऱ्या हातात घातल्या, झालं. रोज सकाळी बोटं ठेवून मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते का ते बघायचं, थांबली तर लगेच निघायचं.

पाण्याचं बोलताना "कमी प्या" एवढंच सांगू नको. मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, कोण कमी पिणार? मिठावर बोल. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते. शेंगा चटणी, पापड, लोणचं हे आधी. सैंधव चालतं हा एक गैरसमज, तेही मीठच, आणि ते लो-सोडियमचं मीठ तर आणखी वाईट, त्यात पोटॅशियम असतं. डाळिंब, शहाळं, केळी ही "ताकदीची" म्हणून नातेवाईक घेऊन येतात, प्रेमानं आणतात, पण पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं हे स्पष्ट सांगायचं. एक मामा गड्ड्याच्या यात्रेत दोन ग्लास उसाचा रस पिऊन, दोन डायलिसिस बुडवून आले होते. वाचले, पण त्यांचा ईसीजी मला अजून आठवतो.

आता ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणं. तरुण पेशंटला पहिल्याच आठवड्यात हा शब्द कानावर पडायला हवा, दोन वर्षं मशीनवर थकल्यावर नाही. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यानं जवळचे नातेवाईक देऊ शकतात, रक्तगट जुळला नाही तर दोन कुटुंबांत अदलाबदल पण होते, आणि घरात कोणी नसेल तर ब्रेनडेड माणसाकडून मिळणाऱ्या किडनीसाठी हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं बघणाऱ्या समितीच्या, यादीत नाव घालायचं, सोलापूर त्यांच्याच भागात येतं. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं आणि ट्रान्सप्लांटला साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा आहे, रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते आधीच बघायला सांग. उपचाराला पुण्याला जायचं तर रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते, डॉक्टरांचा फॉर्म लागतो. आणि ट्रान्सप्लांट म्हणजे सुटलो असं पण नको सांगू, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज ठरलेल्या वेळी, किडनी चालेल तोवर. एक पोरगा बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडून बसला, आईची किडनी गेली. हो, आईचीच. किडनी द्यायची वेळ आली की घरातल्या सगळ्यांच्या नजरा आईकडं नाहीतर बायकोकडंच का वळतात हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. म्हणून देणाऱ्याला एकटीला बसवून विचारलं जातंय ना एवढं बघ, सगळ्यांसमोर ती हो म्हणणारच.

आणि कोणाला डायलिसिस नकोच असेल तर? ऐंशीच्या पुढच्या आजी, हार्ट खराब, अंथरुणाला खिळलेल्या, पोरगा म्हणतो काहीपण करा. अशा वेळी मशीन न लावता दम, खाज, मळमळ, दुखणं यावर औषध देऊन घरी नीट सांभाळणं हीपण ट्रीटमेंटच आहे, हात वर करणं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा, आजींचा आणि घरच्यांचा, तू मध्ये पडू नको, फक्त "डायलिसिस नाही केलं तर तुम्ही त्यांना मारलं" असं कोणाला बोलू देऊ नको. मी स्वतः एकदा बोलले होते असं, नवीन असताना. त्या घरातला पोरगा पुढं कधी रस्त्यात दिसला तर मीच मान खाली घालते.

काढ्यानं क्रिएटिनिन उतरतं म्हणणारे रोज भेटतील, पेशंटवर ओरडू नको, ओरडलं की ते काढा घेणं सोडत नाहीत, आपल्याला सांगणं सोडतात.

ते मामा परवा सकाळच्या शिफ्टला परत येणारेत, सोबत मुलगी असते त्यांची, अकरावीतली वगैरे. मशीन लावून झालं की स्टूल ओढून बस दहा मिनिटं. तेलुगू बोलतात घरी, तुला येतं तर तेलुगूतच बोल, माझं तेलुगू ऐकून ते फक्त हसतात. आणि त्यांचा डावा हात अजून कोणी टोचलेला नाहीये, सिस्टरला सांगून ठेव, सलाईन उजव्यालाच.

ताई