वर बर्फ जमतो, खाली दूध नासते: गॅस भरण्याआधी काय तपासावे

आपण लिहिले आहे की घरातील दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रिज सहा वर्षांचा आहे, वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ अजूनही जमतो, परंतु खालच्या कप्प्यात सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळपर्यंत नासते, आणि पाहायला आलेल्या कारागिराने आतला पडदा न उघडताच गॅस संपल्याचे सांगून तो भरण्याचा खर्चही कळवला आहे. घरगुती फ्रिजची दुरुस्ती हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो. माझे स्पष्ट मत असे आहे की कॉइल, म्हणजे थंडावा देणारी नळ्यांची गुंडाळी, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण गॅस भरण्यास होकार देऊ नये. गॅस कमी झाल्यावरही अशी लक्षणे दिसू शकतात हे खरे, परंतु माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारी यंत्रणाच बंद पडलेली असते, आणि तसे असेल तर गॅससाठी दिलेले पैसे पूर्णपणे वाया जातात. शिवाय फ्रिजमधील गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता केलेले काम टिकणार नाही.

दोन दारांच्या बहुतेक फ्रिजमध्ये थंडावा देणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागील प्लास्टिकच्या पडद्याआड बसवलेली असते. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा ओढून घेतो; त्या हवेचा बराचसा भाग फ्रीझरमध्येच फिरतो आणि उरलेला एका अरुंद वाटेने, डॅम्पर नावाच्या झडपेतून, खाली उतरतो. म्हणजे खालच्या कप्प्याला स्वतःचा थंडावा नसतोच, तो पूर्णपणे वरून येणाऱ्या हवेवर अवलंबून असतो. दार उघडताना शिरलेल्या हवेतील आणि उघड्या ठेवलेल्या पदार्थांतील ओलावा कॉइलवर पांढऱ्या बर्फाच्या रूपाने बसतो. तो वितळवण्यासाठी, कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटे सुरू करतो. ही साखळी कुठेही तुटली की बर्फ साठत जातो, कॉइलच्या पातळ पत्र्यांमधील फटी बुजतात आणि हवेची वाटच बंद होते. फ्रीझर कॉइलला लागून असल्यामुळे तो काही दिवस तग धरतो, खालचा कप्पा मात्र कोमट होऊ लागतो. मुंबई, कोकण आणि गोव्याकडे पावसाळ्यात ही तक्रार एकदम वाढते, कारण दर वेळी दार उघडताना आत जाणारी हवाच ओलीचिंब असते.

पडदा उघडण्याआधी काही साध्या गोष्टी आपण स्वतः पाहून घ्याव्यात. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला हवा येण्याची जी छिद्रे असतात, त्यांना दुधाचे पातेले, पाण्याच्या बाटल्या किंवा कोथिंबिरीचा डबा टेकून बसलेला नाही ना, हे पाहावे. सणासुदीला फ्रिज गच्च भरला की केवळ एवढ्यानेच दूध नासल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यानंतर एका पेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मामीटर ठेवावा आणि तो पेला मधल्या फळीवर रात्रभर राहू द्यावा, कारण हवेचे तापमान दार उघडताक्षणी बदलते, पाण्याचे बदलत नाही. सकाळी 4 ते 5 अंश सेल्सिअस दिसले तर फ्रिज ठीक आहे. 10 अंशांच्या वर असेल तर दोष निश्चित आहे. फ्रीझरचे दार उघडून त्याच्या चौकटीवरील बटण बोटाने दाबावे, म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये पंखा पुन्हा फिरू लागतो. कॉम्प्रेसर चालू असूनही त्याचा आवाज आला नाही, तर एकतर पंख्याची मोटर गेली आहे किंवा पाती बर्फात अडकली आहेत. पाती बर्फाला घासत असल्याचा खरखर आवाज आला, तर बर्फ फार वाढला आहे असे समजावे, आणि हा आवाज दूध नासण्याच्या कितीतरी आधीपासून येत असतो.

यानंतरची परीक्षा बिनखर्चाची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. फ्रिजमधील सर्व सामान काढून शेजाऱ्यांकडे ठेवावे, प्लग उपसून ठेवावा, दोन्ही दारे उघडी टाकावीत आणि पूर्ण चोवीस तास फ्रिजला तसेच राहू द्यावे. खाली जुने टॉवेल अंथरावेत, मागच्या ट्रेमधील पाणी अधूनमधून ओतून द्यावे. घाई म्हणून सुरीने किंवा उलथण्याने बर्फ खरवडू नये. कॉइलची ॲल्युमिनियमची नळी फार पातळ असते आणि एक टोचा तिला पुरतो, मग मात्र गॅस खरोखरच जातो. चोवीस तासांनंतर फ्रिज पुन्हा सुरू करावा. खालचा कप्पा एका दिवसात व्यवस्थित थंड झाला आणि आठवडाभराने किंवा पंधरवड्याने पुन्हा कोमट होऊ लागला, तर गॅस पुरेसा आहे आणि दोष बर्फ वितळवणाऱ्या साखळीत आहे, असे खात्रीने म्हणता येते. गळती झालेला फ्रिज चोवीस तासांच्या विश्रांतीने बरा होत नाही.

तो पुन्हा कोमट झाला की तंत्रज्ञाला त्याच अवस्थेत बोलवावे, बर्फ वितळवून नव्हे, आणि फ्रीझरमागचा पडदा आपल्यासमोर उघडायला सांगावा. कॉइल वरपासून खालपर्यंत एकसारख्या जाड, घट्ट बर्फाने मढलेली दिसली, इतकी की तिचे पत्रे दिसतच नाहीत, तर निदान झाले. त्यानंतर टायमरची खुंटी स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फिरवली की एका ठिकाणी टक असा आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबतो. या वेळी काही मिनिटांत हीटर गरम होऊन थेंब पडू लागले, तर हीटरचा सारा मार्ग शाबूत आहे आणि टायमरच अडकलेला आहे. हीटर गरमच झाला नाही, तर प्लग काढून मल्टीमीटरने एकेक भाग तपासावा लागतो. दीडशे वॅटच्या हीटरचा रोध साधारण 350 ओहम भरतो. काहीच आकडा दाखवला नाही तर त्याची तार तुटली आहे. त्याच्याशी जोडलेला उष्णतेचा फ्यूज, म्हणजे हीटर फार तापल्यास वीज तोडणारा भाग, मल्टीमीटरवर नेहमी जोडलेलाच दिसला पाहिजे. राहिला बायमेटल, म्हणजे कॉइलच्या तापमानानुसार हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, आणि इथे फार गफलत होते. बायमेटल कॉइल गोठलेली असतानाच जोडलेला असतो आणि खोलीच्या तापमानाला उघडा असतो, त्यामुळे तो बाहेर काढून हातात धरून तपासला की चांगला भागही खराब वाटतो. त्याची तपासणी तो बर्फात गार झालेला असतानाच करायला हवी. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये टायमर व बायमेटल यांच्याऐवजी सेन्सर आणि पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पट्टी, असतात. त्यांची तपासणी त्या मॉडेलची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी, आणि सेन्सर व हीटर तपासल्याशिवाय महागडा पीसीबी बदलू देऊ नये.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून बजावून सांगावेसे वाटते. नवा फ्यूज हाताशी नाही म्हणून त्याची दोन टोके तारेने सरळ जोडून देणारे कारागीर आहेत, आणि फ्रिज त्यानंतर उत्तम चालतोही. परंतु पुढे कधी बायमेटल चिकटून राहिला, तर त्या हीटरला थांबवणारे फारसे काही उरत नाही, आतले प्लास्टिक वितळते आणि आग लागण्याची शक्यता निर्माण होते. फ्यूज मिळेपर्यंत दोन दिवस फ्रिज बंद राहिला तरी चालेल, अशी जोडणी मात्र घरात राहू देऊ नये.

पडदा उघडल्यावर याउलट चित्रही दिसू शकते: कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वळणांवरच बर्फ आहे, पुढची सगळी वळणे कोरडी आणि जवळपास उघडी आहेत, कॉम्प्रेसर न थांबता चालतो आहे आणि फ्रिजच्या बाजूच्या भिंती जेमतेम कोमट लागतात. तेव्हा गॅस कमी झाल्याचा संशय रास्त आहे. एखाद्या सांध्यावर तेलकट डाग दिसला तर गळतीची जागाही सापडते. अशा वेळी फ्रिजवरील किंवा कॉम्प्रेसरवरील लेबल वाचून गॅस कोणता आहे ते पाहावे. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो ज्वलनशील आहे, आणि त्याचे प्रमाण सामान्यतः शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असते. म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ शेगडी किंवा समई पेटलेली नसावी, आणि नळी जोडण्यासाठी ज्योत पेटवण्याआधी आतला गॅस पूर्णपणे बाहेर गेलेला असावा. आर-600एच्या जागी आर-134ए भरण्याचा प्रस्ताव आला तर तो साफ नाकारावा. दोन्हींचे कॉम्प्रेसर आणि त्यांतील तेल वेगवेगळे असते. गळती बुजवणे, फिल्टर बदलणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढणे आणि लेबलवर लिहिलेला गॅस काट्यावर मोजून भरणे, या सर्व गोष्टी आपल्यासमोर झाल्या तरच त्या कामाचे पैसे द्यावेत. गळती भिंतीच्या फोममधील नळीत असेल तर खर्च बराच वाढतो, आणि जुन्या फ्रिजवर तो करावा की नाही याचा विचार तेव्हाच करावा.

दोष काहीही निघो, दुरुस्तीच्या वेळी पाण्याचा निचरा नक्की तपासून घ्यावा. वितळलेले पाणी कॉइलखालच्या पन्हाळीतून एका नळीने मागच्या ट्रेमध्ये जाते. त्या नळीच्या तोंडाशी बर्फ किंवा काळपट बुळबुळीत घाण साचली की पाणी मागे तुंबते, पुन्हा गोठते आणि हीटर नवा असूनही बर्फ वाढू लागतो. भाजीच्या खणाखाली पाणी साचत असेल तर बहुधा हेच कारण असते. कोमट पाणी पिचकारीने त्या छिद्रात सोडून ते मागच्या ट्रेमध्ये उतरते आहे याची खात्री करावी. दाराचे रबरही त्याच वेळी पाहावे: कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावे आणि तो ओढावा, चारही बाजूंना थोडा अडकायला हवा. सहज निघून आला तर आधी साबणाच्या कोमट पाण्याने रबराच्या खाचा पुसाव्यात, कारण पुष्कळदा तिथे साय आणि पिठाचा चिकट थर साचलेला असतो. त्यानेही पकड आली नाही तर रबर बदलावे. मागे जाळी असलेला फ्रिज असेल तर तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. आजच्या अनेक फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते, त्यामुळे बाजू गरम लागणे हा दोष नव्हे.

वीज वारंवार जाण्याच्या भागात आपण राहत असाल तर वीज परत आल्यावर फ्रिज लगेच सुरू होणार नाही, अशी तीन ते पाच मिनिटांच्या विलंबाची सोय असलेला स्टॅबिलायझर घ्यावा. नळ्यांमधील दाब समान होण्याआधी साध्या कॉम्प्रेसरला सुरुवात करावी लागली की तो घुरघुरतो, ओव्हरलोडचा, म्हणजे जादा भार आल्यास वीज तोडणाऱ्या भागाचा, टक आवाज होतो आणि तो बंद पडतो. हे दिवसातून पुन्हा पुन्हा घडू दिल्यास त्याच्या मोटरचे तारेचे वेटोळे जळते.

आणि मागचा ट्रे आठवड्यातून एकदा काढून, घासून, कोरडा करून पुन्हा बसवावा. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या वाढतात. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी येऊन फ्रिजमागचा ट्रे दाखवायला सांगतात, ते याच कारणासाठी. आपल्या फ्रिजमध्ये तो बाहेर निघत नसेल, तर प्लग काढून त्यातील पाणी फडक्याने किंवा स्पंजाने टिपून घ्यावे.