पीक गेलं, विमा मात्र थोडाच आला: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: हंगामातला पाऊस सरासरीइतका झाला, तरी पीक वाळलं. असं का?

सरासरी ही हंगामाची बेरीज. पिकाला त्या-त्या आठवड्याची ओल लागते. हवेचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस येतो तेव्हा ओतल्यासारखा येतो आणि मधले खंड लांबतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. १०० मिलिमीटर दोन तासांत कोसळला, तर त्या १० लाख लिटरमधलं बरंचसं मुरण्याआधीच वाहून जातं, सोबत वरची मातीही नेतं. नोंदीत मात्र १०० मिलिमीटर जमा होतात.

उष्णतेचंही तसंच. भात फुलोऱ्यात असताना तापमान तासभर जरी ३५ अंशांच्या वर गेलं, तरी परागीभवन बिघडून दाणे पोचट राहू शकतात. पीक हिरवंगार दिसतं, नुकसान कळतं ते मळणीला.

प्रश्न: तीन दिवस पाणी साचून मका पिवळा पडला. लगेच युरिया टाकावा का?

नको. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. साचलेल्या पाण्यात मातीतला प्राणवायू साधारण एक-दोन दिवसांत संपतो. मुळं गुदमरतात, पाण्यात उभं असूनही पीक मलूल होतं. नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो, काही निचऱ्याबरोबर खाली जातो. अशा जमिनीत टाकलेला युरिया त्याच वाटेने जाईल. तोवर पानांवाटे आधार द्या: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया (२ टक्के), फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी. वाफसा आला की हलकी कोळपणी करा आणि मग नत्राचा हप्ता द्या.

प्रश्न: माझं निम्म्याहून जास्त पीक गेलं, पण विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्केच मिळाले. हिशेबात चूक आहे का?

बहुधा नाही, पण पद्धत समजून घ्या. क्षेत्र आधारित विम्यात तुमच्या शेताचं नुकसान मोजलंच जात नाही, मोजलं जातं ते ठरवलेल्या संपूर्ण क्षेत्राचं सरासरी उत्पादन. समजा, मागच्या वर्षांची सरासरी हेक्टरी २० क्विंटल आणि जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या जेवढ्या टक्क्यांपर्यंत संरक्षण आहे तो, ८० टक्के. मग उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याखाली भरपाई सुरू होते ते, झालं १६ क्विंटल. या हंगामात क्षेत्राची सरासरी १२ आली. तूट ४ क्विंटल, आणि ती भागायची १६ ने, २० ने नव्हे. म्हणजे २५ टक्के. तुमच्या शेतात ८ क्विंटलच पिकलं असलं तरी आकडा तोच राहतो. उलट क्षेत्राची सरासरी १७ आली, तर तुमचं सगळं पीक गेलं तरी या कलमाखाली काहीच मिळत नाही. हे शेतकऱ्याला अन्यायाचं वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. पण प्रत्येक शेत मोजायचं तर खर्च एवढा वाढेल की हप्ता परवडणार नाही. म्हणून गारपीट, पूर अशा ठरावीक भागापुरत्या आपत्तींसाठी वैयक्तिक पंचनाम्याचं कलम पॉलिसीत आहे का, हे हप्ता भरण्याआधी पाहा.

क्षेत्राची सरासरी पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या छोट्या भूखंडांतलं पीक कापून आणि तोलून, काढतात. शंका असेल तर त्या वेळी हजर राहा. भूखंड यादृच्छिक पद्धतीने निवडला जातोय का, दोरी ताणून मापला का, हे पाहा. ५ मीटर × ५ मीटरच्या भूखंडातलं वजन ४०० ने गुणलं की हेक्टरी उत्पादन येतं. तिथे १०० ग्रॅम चुकले, तर हेक्टरी ४० किलोंचा फरक पडतो. धान्य ओलं असेल तर आर्द्रतेची वजावट हवीच: २० टक्के ओलाव्याचं १० किलो धान्य १२ टक्क्यांवर आणलं की सुमारे ९.१ किलो भरतं. ही वजावट राहिली तर उत्पादन फुगतं आणि भरपाई घटते.

प्रश्न: हवामान आधारित विम्यात पंचनाम्याची कटकट नाही म्हणतात. तो घ्यावा का?

पावसाच्या आकड्यावर विमा द्यावा ही कल्पना नवी नाही; म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी ती १९२० मध्येच मांडली होती. पैसे लवकर मिळतात हे खरं. समजा करारात १०० मिलिमीटरखाली भरपाई सुरू होते आणि पाऊस ४० पर्यंत घसरला की पूर्ण मिळते. ७० मिलिमीटर पडला, तर ३० भागिले ६०, म्हणजे ५० टक्के. खोच पर्जन्यमापकाच्या अंतरात असते: तिथे सर आली आणि तुमच्याकडे नाही, तरी आकडा तिथलाच धरला जातो. दुसरी खोच बेरजेची. दोन दिवसांत १०५ मिलिमीटर आणि पुढे महिनाभर कोरडं, तरी भरपाई शून्य. म्हणून सलग कोरड्या दिवसांचा निकष असलेला किंवा एका दिवसाच्या पावसाला कमाल मर्यादा घालणारा करार चांगला. पर्जन्यमापक लांब असेल तर आम्ही हा विमा सुचवणार नाही.

प्रश्न: गारपिटीनंतर शेत लगेच नांगरून टाकू का?

थांबा. मक्याला पाच-सहा पानं येईपर्यंत वाढीचा कोंब जमिनीखाली असतो. वरची पानं फाटली तरी आठ-दहा दिवसांत नवं पान दिसू शकतं. विम्याची सूचना मात्र त्याच दिवशी द्या, कारण मुदत बहुधा तासांत मोजतात. नोंद क्रमांक लिहून ठेवा. चारही कोपऱ्यांतून शेताचे आणि जवळून झाडांचे फोटो घ्या, तारीख व ठिकाण दिसेल असे. पंचनाम्याआधी फेरपेरणी करायचीच असेल, तर लेखी परवानगी घ्या आणि सांगितलेल्या रुंदीचा पट्टा न मोडता राखा.

प्रश्न: अर्जात सर्वांत जास्त काय चुकतं?

पीक बदललं तरी नोंद जुनीच राहते. अर्जात कापूस आणि शेतात तूर असेल, तर दावा तिथेच फेटाळला जातो. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगळं लिहा, आणि पेरणीची तारीख बियाण्याच्या पावतीशी विसंगत नको.