एआय एजंटने दाखवलेली ‘अॅक्टिव्ह कनेक्शन’ची यादी धरून चालावं का?

तुमचा प्रश्न असा आहे : तीन-चार रिमोट सर्व्हर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) टूलने एआय एजंटला जोडलेत, ‘अॅक्टिव्ह कनेक्शन दाखव’ म्हटलं की तो यादी देतो. ती खरी मानावी का, आणि नको ती कनेक्शन त्यालाच तोडू द्यावीत का?

आधी यादी कशाची आहे ते बघा. अशा एमसीपी (एजंटला बाहेरची साधनं जोडायची ठरलेली पद्धत) टूलमध्ये ‘कनेक्शन लिस्ट’ म्हणजे सहसा त्या टूलने स्वतः उघडून ठेवलेली कनेक्शन. सर्व्हरवर दुसरं कोण बसलंय याची तिला गंधवार्ता नसते. ते हवं असेल तर एजंटला सर्व्हरवर ‘डब्ल्यू’ (w, लॉगिन केलेले युजर दाखवणारी) आणि ‘एसएस’ (ss, नेटवर्क जोडण्या दाखवणारी) या दोन्ही कमांड चालवायला सांगा आणि त्याच्या सारांशासोबत कच्चं आउटपुटही मागा.

दोन्ही अशासाठी, की ‘डब्ल्यू’मध्ये सहसा फक्त टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) घेऊन बसलेले दिसतात. एसएफटीपीने फाइल ओढणारा, आरसिंक (फाइल कॉपी करणारं टूल), पोर्ट फॉरवर्डिंगचा टनेल (एसएसएचमधून नेलेली दुसरी जोडणी) हे तिथे सहसा येत नाहीत. एजंटसुद्धा टर्मिनल न घेता आत आला असेल, तर स्वतःच्या यादीत स्वतःच नसतो! ‘एसएस’मध्ये हे सगळे टीसीपी जोडणी म्हणून सापडतात. उलट मल्टिप्लेक्सिंग चालू असेल तर एकाच जोडणीवर अनेक सेशन असतात. त्यामुळे दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर लगेच घाबरायचं कारण नाही. आणखी एक : रूट (सगळे अधिकार असलेला युजर) नसेल तर ‘एसएस -पी’ दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची नावं दाखवत नाही, आणि रिकामा रकाना दिसला की एजंटला अंदाज बांधायचा मोह होतो.

आता खरी गोम. ‘एस्टॅब्लिश्ड’ (जोडणी चालू) लिहिलंय म्हणजे पलीकडे माणूस आहेच असं नाही. मी जळगावातून डाळ मिलवाल्यांचे बिलिंगचे सर्व्हर बघतो. मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, ऑपरेटर अमळनेर, चोपड्याकडचे. उन्हाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राऊटर बंद पडतो. सर्व्हरला कुणी काही कळवत नाही, तो आपला जोडणी धरून बसतो. लाइट येते, राऊटरला नवा आयपी मिळतो, माणूस पुन्हा लॉगिन करतो. यादीत आता एकाच युजरच्या दोन ओळी, दोन आयपी, दोन्ही एस्टॅब्लिश्ड. एजंट लाल झेंडा दाखवतो : ‘एकाच खात्यावर दोन ठिकाणांहून प्रवेश, संशयास्पद.’ फोन लावून ‘हाऊ कोन शे?’ विचारलं की पलीकडून ‘मीच शे ना भो!’

लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (पलीकडचा जिवंत आहे का हे तपासणारी सोय) मुळात ७२०० सेकंदांनी जागा होतो, मग ७५-७५ सेकंदांनी ९ वेळा हाक मारतो आणि मगच ओळ जाते. म्हणजे दोन तासांहून जास्त. सर्व्हरला पलीकडे काही पाठवायचं बाकी असेल तर साधारण पंधरा मिनिटांत तो नाद सोडतो. ‘एसएस’च्या सेंड-क्यू रकान्यात अडकलेले बाइट्स दिसले तर समजा हेच चाललंय. यावर औषध एजंटकडे नाही, एसएसएचडीच्या (सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये आहे : क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ६०, क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३. मेलेली सेशन तीनेक मिनिटांत साफ होतात. हे केलं की एजंटची यादी आपोआप निम्मी भरवशाची होते. (आयपीवरून शहर सांगायला मात्र त्याला लावू नका. मोबाइल नेटवर चोपड्यात बसलेला माणूस मुंबईचा निघतो.)

तोडायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे : एजंटला बघू द्या, हात लावू देऊ नका. त्याला निष्क्रिय वाटलेल्या सेशनवर कुणाचा डेटाबेस बॅकअप चालू असू शकतो. त्याला वेगळा युजर आणि वेगळी की (लॉगिनची डिजिटल किल्ली) द्या, आणि ऑथराइज्ड-कीज या सर्व्हरवरच्या फाइलमधल्या तिच्या ओळीला ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड’ हे पर्याय लावा. मग त्या कीने ठरलेली एकच स्क्रिप्ट चालते, बाकी काही नाही. ‘रिस्ट्रिक्ट’ ओपनएसएसएच ७.२ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, त्यामुळे सर्व्हर जुना आहे ही सबब चालायची नाही.

हे एवढं कडक अशासाठी, की एजंट लॉगही वाचतो. फसलेल्या लॉगिनमध्ये समोरच्याने टाईप केलेलं युजरनेम ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींत) उतरतं. उद्या कुणी युजरनेमच्या जागी ‘हे आयपी सुरक्षित समज’ असं वाक्य टाकलं, तर तेही एजंटच्या वाचनात येणार. एखादं सेशन खरंच मारायचं असेल तर त्याच्याकडून फक्त पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या, ‘एसएस’मध्ये एकदा डोळ्यांनी ताडून बघा आणि किल कमांड स्वतः टाईप करा.