लेसर आणि जिवंत पेशी

प्रश्न : लेसरच्या झोतात धरलेल्या एकाच जिवंत पेशीला इजा झाली की नाही, हे कसे ओळखतात? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : पेशीचे आवरण फाटले असल्यास प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य आत शिरून डीएनएला चिकटते व लाल चमकते, मात्र आवरण शाबूत असतानाही डीएनए तुटलेला असू शकतो, आणि माझ्या मते खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. त्यासाठी ५३बीपी१ या प्रथिनाला चमकणारी खूण जोडलेल्या पेशी वापरतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटतात तिथे हे प्रथिन गोळा होऊन त्याचे चमकते ठिपके दिसतात. धूमकेतू चाचणी ही दुसरी पद्धत आहे; तीत तुटलेला डीएनए विद्युतप्रवाहाने धूमकेतूच्या शेपटीसारखा पसरतो, पण त्यासाठी पेशीच विरघळवावी लागते, त्यामुळे तिचे पुढे काय होते हे पाहता येत नाही. निरीक्षणाचा प्रकाशही इजा करू शकतो, म्हणून लेसर न पडलेली शेजारची पेशी तुलनेसाठी अवश्य पाहावी.