युद्ध मायदेशात, आपण परदेशात: वाचकांचे प्रश्न

मायदेशात युद्ध पेटलेलं आणि स्वतः मात्र दूरच्या, सुरक्षित देशात, अशा वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली आहेत. पत्रं लांब होती, इथे त्यांचा गाभा तेवढा घेतला आहे.

प्रश्न : मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बातम्या बघते. आपण झोपलो आणि नेमकं तेव्हाच घरून फोन आला तर, या भीतीने फोन उशाशीच असतो. आता कामात चुका व्हायला लागल्या आहेत.

तुम्हाला हवी आहे खबरबात, आणि तुम्ही बघताय बातम्या. दोन्ही एकाच फोनवर येतात म्हणून गल्लत होते. आपली माणसं कुठे आहेत, जेवली का, रात्र कशी गेली, ही खबरबात. ती कुठल्याच वाहिनीवर मिळत नाही. म्हणून कितीही बघितलं तरी मन भरत नाही आणि हात पुन्हा फोनकडे जातो.

आधी फोनची व्यवस्था लावा. घरच्या चार-पाच नंबरांना वेगळी रिंगटोन द्या. रात्री 'डू नॉट डिस्टर्ब' लावून तेवढ्याच नंबरांना सूट द्या. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: घरचे ज्या अ‍ॅपवरून फोन करतात, त्या अ‍ॅपलाही वेगळी सूट द्यावी लागते. दुसऱ्या फोनवरून एकदा फोन लावून खात्री करून घ्या. रात्री मेसेज वाजणार नाहीत, तातडीचं असेल तर फोनच करा, हेही घरी सांगून ठेवा. एवढं झालं की फोन उशाखालून काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवता येतो. घरचा फोन आला तर तो वाजणारच आहे.

बातम्या दिवसातून दोनदा, 20-20 मिनिटं, आणि वाचूनच. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद करा. 2013 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली. पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच बातम्यांत असलेल्यांनी सांगितलेला तीव्र ताण, स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त होता. म्हणजे हा तुमचा दुबळेपणा नाही, ती दृश्यं पुन्हा पुन्हा बघण्याचा ताण खराच असतो.

अंथरुणात 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके संथ होतात. चक्कर आली तर श्वास जोरात घेतला जातोय असं समजा आणि हलका करा. कुणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नका. मानसिक आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या ताणासाठी बेन्झोडायझेपिन वर्गातली औषधं (झोपेच्या अनेक गोळ्या याच वर्गातल्या) देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2013 ची मार्गदर्शक सूचना सांगते.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला मी मनापासून हसलो आणि लगेच लाज वाटली. तिकडे माणसं तळघरात आहेत आणि आपण केक कापतोय.

ही अपराधी भावना तुमच्या मायेतूनच येते, पण तिला जे द्याल ते कमीच पडतं. म्हणून मदतीचा आकडा ठरवा. महिन्याला किती पैसे पाठवणार आणि आठवड्याला किती तास मदतकार्याला देणार, हे जोडीदाराबरोबर बसून कागदावर लिहा. न ठरवता देत गेलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरभाडं थकतं, आणि मग मदतच बंद पडते.

वाढदिवसाचे फोटो पाठवू का, असं घरच्यांनाच विचारा. त्यांना काय बघवेल, हे आपण परस्पर ठरवू नये. तळघरात बसलेल्या आजीला नातवाचा पडलेला दात बघायचा असू शकतो.

प्रश्न : आई गाव सोडायला तयार नाही. रोज फोनवर त्यावरून भांडण होतं. परवा ती फोनच उचलेना, मी चाळीस वेळा लावला.

निघायचं की नाही, हे आईच ठरवणार. एकदा शांतपणे सगळं सांगा: कोणता रस्ता सुरू आहे, कुणाबरोबर जाता येईल, पोचल्यावर कुठे राहायचं. 'तू म्हणशील तेव्हा मी सोय करीन' एवढं बोलून तो विषय थांबवा. काही बदललं तरच पुन्हा काढा. रोज तेच म्हटलं की ती फोन टाळायला लागते, आणि तुमची खबरबातच तुटते.

मात्र निघायचं झालंच तर पिशवी तयार हवी. ओळखपत्रं, रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, रोख पैसे, चार्जर, कागदावर लिहिलेले फोन नंबर. कागदपत्रांचे फोटो तुमच्याकडे मागवून ठेवा.

फोन न लागण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर चालतो आणि ती काही तासांत संपते. हल्ल्यानंतर सगळे एकदम फोन लावतात, म्हणून लाइन अडते. साधा एसएमएस अशा वेळी जास्त भरवशाचा, कारण त्याला जागा कमी लागते आणि नेटवर्क आलं की तो पोचतो. चाळीस वेळा वाजलेला फोन तिकडे बॅटरी संपवतो. त्यापेक्षा रोजची एक वेळ आणि एक खूण ठरवा, 'ठीक' एवढा एकच शब्द पुरे. सलग दोन वेळा खूण आली नाही, तरच शेजारच्या ठरलेल्या एका माणसाला विचारायचं.

प्रश्न : धाकट्या भावाचा तीन आठवडे पत्ता नाही. तो गेला असं धरून रडू, की वाट पाहू?

दोन्ही एकत्र चालू राहील. माणूस असल्याचीही खात्री नाही, गेल्याचीही नाही, या अवस्थेला पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक संदिग्ध विरह म्हणतात. तिथे मन एका बाजूला लावण्याचा हट्ट धरला तर त्रास वाढतो. सकाळी आशा आणि संध्याकाळी शोक, असं झालं तर तुम्ही भावाशी प्रतारणा करत नाही. घरात एक वाट पाहतोय आणि दुसरा आशा सोडतोय, यावरून मात्र नाती तुटतात. एकमेकांना पटवू नका.

शोधाचं काम हातात घ्या. तुम्ही राहता त्या देशातल्या रेडक्रॉस किंवा रेड क्रेसेंट संस्थेकडे बेपत्ता नातलगाच्या शोधाचा अर्ज करता येतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि जन्मठिकाण, शेवटचा पत्ता, शेवटचा संपर्क कधी व कसा झाला, अंगावरच्या खुणा हे सगळं लिहून न्या. नावाचं स्पेलिंग ओळखपत्रावर आहे तसंच द्या आणि दुसऱ्या प्रकारे लिहिलं जात असेल तर तेही नोंदवा. उत्तराला महिने लागू शकतात. भावाचा फोटो, तो कुठल्या तुकडीत किंवा कुठल्या भागात होता हे उघड्यावर टाकू नका, त्याला धोका होऊ शकतो. 'तो आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असं सांगणारे फोनही येतात. फक्त त्यालाच ठाऊक असेल असा एक प्रश्न विचारा आणि एकट्याने निर्णय घेऊ नका.

जगणं नको वाटत असेल, रोज दारू लागत असेल, किंवा दोन आठवडे उठणं-जेवणंही जड जात असेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच. दुभाषी मागून घ्या. घरातल्या मुलाला दुभाषी करू नका, ते ऐकणं त्याच्यावर लादायला नको.

प्रश्न : माझ्या सहकाऱ्याच्या देशात युद्ध आहे. काय बोलावं कळत नाही.

'घरचे कसे आहेत?' असं आठवड्यातून एकदा, एकांतात विचारा. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. राजकारणावर त्याचं मत मागू नका. 'काही लागलं तर सांग' असं म्हटल्यावर बहुतेक जण काही मागत नाहीत, म्हणून नेमकं बोला: 'गुरुवारची तुझी पाळी मी करतो.'