रद्दीवाल्याला आत्ताच बोलावू नका

कर्वेनगरच्या तुमच्या दिवंगत मावशींच्या फ्लॅटबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. साठवलेल्या सामानामुळे दार अर्धंच उघडतं, आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, एजंट म्हणतोय रिकामा करून रंग मारा, आणि तुम्हाला आहे तसाच विकून मोकळं व्हायचंय. एरंडवण्यात काकांचा फ्लॅट विकताना २०१८ मध्ये मी हेच सगळं भोगलंय.

मृत्यूचा दाखला, मिळकत कराची थकबाकी, सोसायटीला अर्ज हे तुम्ही बघालच. पण ‘मी नॉमिनी आहे, त्यामुळे मालकीचा प्रश्न नाही’ हे तुमचं वाक्य खटकलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी तुमचं नाव लावेल, मालकी वारसांचीच. मावशी विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं असं तुम्ही लिहिलंय. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशी स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकमाईचं घरसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तरच वडिलांच्या वारसांकडे. म्हणजे फ्लॅट त्यांनी स्वतः घेतला असेल, तर तुमच्या आईलाही त्यात हक्क नसू शकतो. मी वकील नाही, कागद घेऊन वकिलाकडे जा. पण मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीचं, नोंदणी न केलेलंही चालतं. आणि ते कुठे असेल? त्याच ढिगाऱ्यात.

आता माझा गाढवपणा ऐका.

काका अविवाहित. दुधाच्या पिशव्या धुऊन, घडी घालून, शंभर-शंभरचे गठ्ठे. पहिल्या वर्षापासूनची, म्हणजे १९७३ पासूनची कालनिर्णयं. छपराला टेकलेली वर्तमानपत्रं. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं घर वाहून गेलं, तेव्हापासून त्याला काही टाकवत नाही, असं आजी म्हणायची. आत्याच्या मते तो आधीपासूनच तसा होता.

मी आणि चुलतभावाने तीन रविवारांत फडशा पाडला. कपाटातली ‘महत्त्वाची’ फाइल तेवढी बाजूला काढली आणि बाकी कागद टेंपोत घातले. ११०० किलो रद्दी! वजनकाट्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, इतका अभिमान. आठवड्याने स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यात एक वही सापडली. काकांनी घरातल्या वस्तूंची यादी ठेवली होती. सुवाच्य अक्षरात, तारखेसह. त्यात एक ओळ: ‘फ्लॅटचा मूळ करारनामा, दिवाळी अंक १९८६, गठ्ठा ४.’ फाइलमध्ये होती ती नुसती झेरॉक्स. आम्हाला जो उकिरडा दिसत होता, त्याची अनुक्रमणिका त्या माणसाकडे होती. रद्दीच्या दुकानात पळालो, माल केव्हाच पुढे गेला होता.

गिऱ्हाईक तयार होतं, पण त्याच्या बँकेने मूळ करारनाम्याशिवाय कर्ज नाकारलं. मग पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि नोंदणी झालेल्या दस्ताची सही-शिक्क्याची नक्कल. पहिली तीन कामं पंधरा दिवसांत झाली. नक्कल ज्या कार्यालयातून घ्यायची त्याचं नाव घेत नाही. आठ खेपा. एकदा ‘त्या वर्षाची पुस्तकं बाइंडिंगला गेलीत’, एकदा ‘रेकॉर्ड दुसऱ्या इमारतीत हलवलंय’, एकदा ‘असा दस्तच नाही, तुमच्या काकांनी नोंदवला नसेल’. हे शेवटचं वडिलांसमोर, चहा पीत पीत. माझी आई तिथे नव्हती हे त्या माणसाचं नशीब. सातव्या महिन्यात दुसऱ्याच एका बाईंनी बिल्डरच्या नावाने सूची काढली आणि दहा मिनिटांत दस्त सापडला. काकांच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, बस. तुमच्यावर ही पाळी आली तर दोन्ही पक्षांच्या नावांनी आणि मिळकतीच्या सूचीतूनही शोध घ्यायला सांगा, अलीकडची-पलीकडची वर्षंसुद्धा. तोवर आमचं गिऱ्हाईक गेलं. शेवटी कर्ज न काढणाऱ्या एकाला चार लाख कमी घेऊन विकला.

तर माझं मत, पटलं तर घ्या. विका आहे त्या स्थितीतच. रंगबिंग मारू नका, जुना फ्लॅट घेणारा फरशीपासून सगळं उखडतोच. सामान राहू द्या, पण कागद एकूणएक तुमच्या हाताखालून गेला पाहिजे. अंक झटकून बघा, पंचांगं, देवघरातल्या पोथ्या, गादीखाली, डब्यांच्या तळाशी. सोसायटीचं भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आम्हाला बंबाच्या खोक्यात मिळालं. जुन्या ठेवींच्या पावत्याही फेकू नका. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवीही बँकेकडून परत मागता येतात, रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोध घेता येतो. घराच्या दुरुस्तीची जुनी बिलंही ठेवा, भांडवली नफ्याचा हिशेब करताना सीए मागेल.

साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, ‘आतील सामानासह’ लिहाच, पण त्याखाली एक वाक्य हवं: नंतर सापडलेले कागद, रोकड, दागिने विकणाऱ्याला परत. आमच्या वकिलांनी ते फालतू ठरवलं होतं, मी हट्टाने घातलं. घेणाऱ्याने दोन महिन्यांनी आजीच्या पाटल्या आणून दिल्या. भला माणूस. वाक्य नसतं तरी दिल्या असत्या बहुतेक, पण बहुतेकच.

काही सामान काढायचंच ठरवलं, तर भंगारवाल्याला तांबं-पितळ आधी देऊ नका. ते घेऊन तो जातो आणि मोडके पंखे, डबे तुमच्याच गळ्यात राहतात. सगळ्याचा एकत्र सौदा करा. जुने कपडे आणि बिघडलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंसाठी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या लोकांना विचारा. मास्क आणि जाड हातमोजे घाला, उंदीर असतातच. महावितरणचं बिल भरत राहा, अंधारात कागद शोधता येत नाहीत. सोसायटीने ट्रान्स्फर फी २५,००० च्या वर मागितली किंवा ‘देणगी’ म्हटलं, तर लेखी मागा. सहसा आवाज बसतो.

मावशींनी फ्लॅट स्वतः घेतला की माहेरून आला, आणि त्या कुठे याद्या-बिद्या करायच्या का, हे आईला विचारून लिहा. मग पुढचं सांगतो.